रात्री दुखणारी कंबर: मणक्यातल्या एका साध्या गाठीचं प्रकरण

मुलीच्या आईवडिलांच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. निदान कोणत्या वळणांनी पुढे गेलं, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सांगण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

मुलगी १४ वर्षांची, नववीतली. नागपूर जिल्ह्यात काटोलच्या पुढे, संत्र्याच्या पट्ट्यातलं गाव. घरी बाग, आईवडील, धाकटा भाऊ आणि आजोबा. जुलैत शाळा रुळली त्याच सुमारास तिच्या कंबरेत उजव्या बाजूला दुखायला लागलं. कुठे पडली नव्हती, ताप नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी आठवडाभराच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं. गोळ्या संपल्या आणि दुखणं परत आलं. काटोलला एक्स-रे काढला, तो चांगला निघाला. मग कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि दप्तर हलकं करण्याचा सल्ला.

दिवाळीपर्यंत दुखणं रात्रीवर सरकलं होतं. पाळीत पोट दुखायचं म्हणून घरात मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या असायच्याच. एका रात्री आईने त्यातलीच एक कंबरेसाठी दिली आणि अर्ध्या-पाऊण तासात मुलगी गाढ झोपली. तेव्हापासून घरात या कंबरदुखीला 'पाळीचं दुखणं' असंच म्हणू लागले. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी झाली, त्यात काही नव्हतं.

जानेवारीत पीटीच्या सरांना कवायतीत तिचा एक खांदा खाली दिसला. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत कण्याला बाक आलेला होता. वाढत्या वयातला बाक म्हणून पट्टा सुचवला गेला. पट्टा बांधला की दुखणं वाढायचं, म्हणून तो कपाटात गेला. एप्रिलमध्ये रात्रीच्या जागरणाने मुलगी वर्गात पेंगायला लागली, तेव्हा नागपूरला आणून एमआरआय केला. अहवालात कंबरेच्या चौथ्या मणक्याच्या मागच्या भागात आणि आजूबाजूच्या स्नायूंत सूज, 'जंतुसंसर्ग, बहुधा टीबी. गाठीची शक्यता तपासावी' असं होतं. आजोबांना पूर्वी फुप्फुसाचा टीबी झालेला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

तीन आठवडे गोळ्या घेऊनही रात्रीत काही फरक नव्हता. मे अखेरीच्या, ऐन नवतपाच्या उन्हात हे कुटुंब नागपूरच्या धंतोलीत दुसरं मत घ्यायला आमच्याकडे आलं.

नेमकी अडचण

तोवर या कंबरेला चार नावं मिळाली होती: पाळी, वाढीच्या वयातला बाक, टीबी, आणि चौथं सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. शाळेतल्या तपासणीत मुलगी सिकलसेलची वाहक निघाली होती. विदर्भात हाड दुखणारं मूल दिसलं की हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो विचारणारा डॉक्टर बरोबरच असतो. पण वाहक असणं आणि आजार असणं यांत मोठा फरक आहे. हाडांचे जीवघेणे झटके येतात ते आजार असलेल्यांना. फक्त वाहक असलेल्या मुलीत महिनोन्‌महिने एकाच मणक्याच्या एकाच बाजूला, ठरल्या वेळी दुखणं बसत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीचा कागद फायलीत होता, त्यावर वाहक असंच स्पष्ट लिहिलेलं होतं. हे नाव लगेच बाजूला ठेवता आलं.

बाकीची तीन तितक्या सहज सुटणारी नव्हती, कारण प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही पुरावा होता. टीबीचा अंदाज बांधणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. तसा एमआरआय, घरात जुना टीबी, आणि आपल्या भागात मणक्याच्या दुखण्यामागे टीबी किती वेळा निघतो याचा अनुभव. हे सगळं समोर असताना तो विचार मनात न येणं हीच चूक ठरली असती. टीबीच्या चित्रात काय बसत नव्हतं, हे बघणं आमच्या वाट्याला आलं, इतकंच.

तपासणीच्या खोलीत

मुलगी खुर्चीच्या कडेवर, डाव्या कुल्ल्यावर भार देऊन बसली होती. कुठे दुखतं विचारल्यावर तिने तळहात न फिरवता एक बोट नेमकं टेकवलं: कंबरेच्या मधल्या रेषेपासून उजवीकडे, दोन बोटं अंतरावर. तिथे अंगठ्याने दाबलं की ती दचकायची. उजव्या बाजूचे स्नायू दोरीसारखे ताठ. पुढे वाकायला सांगितलं तेव्हा ती अर्ध्यातच अडकली आणि वाकताना सगळं अंग एका बाजूला गेलं. वाढीच्या वयातल्या नेहमीच्या बाकात वाकल्यावर पाठीला एका बाजूला उंचवटा येतो, कारण मणके पिळलेले असतात. इथे उंचवटा जवळजवळ नव्हताच. तो बाक सहसा दुखतही नाही, आणि पाठ अशी ताठ होत नाही. पायात ताकद, संवेदना, सगळं शाबूत. पाय सरळ उचलताना मांडीमागचे स्नायू आखडत होते, पण नस दबल्याची खूण नव्हती.

आईला विचारलं, "रात्री नेमकं काय होतं, जरा सांगा."

"दिवसा बरी राह्यते जी. रात्री एक-दोन वाजले की उठून बसून जाते. गोळी दिली की अर्ध्या घंट्यात झोपते. सकाळी पाह्यलं तर जसं काही झालंच नाही."

"गोळी फक्त पाळीच्या दिवसांत लागते का?"

आईने जरा विचार केला. "मी लिहून ठेवते कालनिर्णयवर. घरी आहे."

त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कॅलेंडरच्या पानांचे फोटो आले. दुधाचा हिशेब, सिलिंडर आल्याची तारीख, आणि त्यातच पाळीच्या दिवसांना लाल गोल. गोळी दिली त्या रात्री कोपऱ्यात बारीक 'गो'. पाळीचे गोल महिन्यात चार-पाच दिवसांचे; 'गो' मात्र जवळजवळ रोज. मार्च आणि एप्रिलच्या पानांवर रिकामी रात्र शोधावी लागत होती. पाळीचा मुद्दा त्या फोटोंनी निकालात निघाला.

त्याच फोटोंनी एक काळजीही वाढवली. इतके महिने रोज, बहुतेकदा उपाशीपोटी, वेदनाशामक. मुलीला पोटात जळजळ होती आणि हिमोग्लोबिन ९.२ होतं. किडनीची तपासणी सुदैवाने बरी आली. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल २०२३च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने इशारा दिला होता. तरी ही गोळी आपल्याकडे मेडिकल दुकानात नाव घेतलं की मिळते आणि घराघरात पाहुण्यालाही दिली जाते.

कोणत्या शक्यता उरल्या

शाळकरी वयातलं मूल, रात्रीचं दुखणं, साध्या वेदनाशामकाने मिळणारा चटकन आराम, आणि दुखऱ्या बाजूला वळलेला ताठ बाक. हे चार धागे एकत्र आले की ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाच्या छोट्या गाठीचा विचार करावा लागतो. न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट हेन्री जॅफे यांनी १९३५ मध्ये तिला वेगळी ओळख दिली. ही कर्करोगाची गाठ नव्हे. मधला खरा गाभा, ज्याला नायडस म्हणतात, तो दीड-दोन सेंटिमीटरहून लहान असतो आणि त्याभोवती हाड चिडून जाड होतं. गाभा प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं मोठ्या प्रमाणात तयार करतो. मेफेनॅमिकसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच रसायनं तयार होणं थांबवतात, म्हणून एका गोळीने रात्र निघून जाते. अर्थात अशा गोळीने दुसरीही दुखणी थांबतात, आणि ही गाठ असलेल्या प्रत्येकाला गोळीने आराम पडतोच असंही नाही. आरामावरून संशय घ्यायचा असतो, निदान करायचं नसतं.

अशा गाठी बहुतेक मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात सापडतात. साधारण दहात एक कण्यात, आणि कण्यात बहुधा कंबरेच्या मणक्यांत, त्यातही मणक्याच्या मागच्या कमानीत. टीबी याच्या उलट वागतो: तो बहुतेकदा मणक्याच्या पुढच्या जाड भागात, दोन मणक्यांमधल्या चकतीला लागून सुरू होतो आणि शेजारचे दोन मणके धरतो. इथे चकत्या स्वच्छ होत्या. फक्त मागच्या कमानीला होणारा टीबी असतो, पण विरळा. मुलीचं वजन घटलेलं नव्हतं, संध्याकाळचा ताप नव्हता, आणि शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही चांगल्या होत्या: ईएसआर १४, सीआरपी नॉर्मल.

तरी यादी इथे संपत नव्हती. याच कुळातली मोठी बहीण म्हणजे ऑस्टिओब्लास्टोमा. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी जवळपास सारख्या दिसतात. फरक आकाराचा आणि वागण्याचा. ऑस्टिओब्लास्टोमा दोन सेंटिमीटरपुढे वाढते, हाड फुगवते, मणक्याच्या नळीत शिरू शकते आणि काढल्यावर परत येण्याची शक्यता बरीच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा साध्या गाठींत आहे, ऑस्टिओब्लास्टोमा मात्र आजूबाजूला पसरू पाहणाऱ्या मधल्या गटात. हाडातला छोटा जुना गळू, म्हणजे ब्रोडीचा गळू, हुबेहूब असाच दिसू शकतो. रक्ताच्या पोकळ्या असलेली हाडाची गाठ याच जागी होते. दुसऱ्या बाजूच्या कमानीला ताणाने बारीक तडा गेला असेल तरी या बाजूचं हाड भार पेलून जाड होतं आणि एक्स-रेत फसवतं. आणि युइंगसारखा हाडाचा कर्करोग या वयात मनाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवावाच लागतो.

एमआरआयच्या फॉर्मवरचे शब्द

जुनी सीडी आमच्या रेडिओलॉजिस्ट सहकाऱ्यासोबत पुन्हा पाहिली. सूज भरपूर होती, स्नायूंपर्यंत गेलेली, आणि तिच्या गर्दीत मधला छोटा गाभा हरवला होता. मणक्यातल्या या गाठींबाबत एमआरआयची ही जुनी खोड आहे: तो धूर फार छान दाखवतो, निखारा दाखवेलच असं नाही. सूज इतकी दिसते की अहवाल जंतुसंसर्गाकडे किंवा कर्करोगाकडे झुकतो. लोकांचा, आणि आम्हा डॉक्टरांपैकी अनेकांचाही, समज असतो की एमआरआय झाला म्हणजे शेवटचा शब्द झाला. हाडातल्या बारीक गाठीपुरता हा समज खोटा आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. तपासणीच्या फॉर्मवर कारण म्हणून लिहिलं होतं: 'कंबरदुखी, बाक'. रात्रीच्या दुखण्याचा, गोळीच्या आरामाचा उल्लेख नव्हता. रेडिओलॉजिस्टसमोर पेशंट नसतो, फॉर्म असतो. ते दोन तपशील तिथे असते तर अहवालाची शेवटची ओळ बहुधा वेगळी आली असती आणि सीटीची सूचना तिथेच झाली असती.

पहिला निर्णय: पुढची तपासणी कोणती

पर्याय तीन होते. थेट सुईने बायोप्सी, सगळ्या हाडांचा बोन स्कॅन, किंवा सीटी.

बायोप्सी आधी करायला आमची तयारी नव्हती. सेंटिमीटरभराच्या गाभ्याभोवती जाड हाडाचं कवच असेल, तर अंदाजाने घातलेल्या सुईत कवचाचाच तुकडा येतो आणि 'निदान होत नाही' असा निरर्थक कागद हातात पडतो. बोन स्कॅन उपयोगी असतो तो मुख्यतः दुखणं कोणत्या मणक्यात आहे हेच कळत नसेल तेव्हा. इथे एक बोट आणि एमआरआय दोन्ही चौथ्या मणक्याकडेच दाखवत होते. म्हणून फक्त तिसरा ते पाचवा मणका, एक मिलिमीटर जाडीच्या कापांचा सीटी घेतला. वाढत्या मुलीच्या पोटावर गरज नसलेला किरणोत्सर्ग नको, म्हणून सगळा कणा मुद्दाम घेतला नाही.

चित्र स्वच्छ निघालं. उजव्या कमानीत, ती वरच्या सांध्याला जिथे मिळते तिथे, ११ मिलिमीटरचा गोल काळसर गाभा, मध्यभागी पांढरा ठिपका, भोवती जाड हाड. कडा गुळगुळीत, गळूत असते तशी वेडीवाकडी पोकळी नव्हती. हाड फुगलेलं नव्हतं, नळीत काही शिरलेलं नव्हतं. डाव्या कमानीला तडा नव्हता. सीटीच्या पानावर आता एकच नाव राहिलं.

दुसरा निर्णय: टीबीच्या गोळ्यांचं काय करायचं

या प्रकरणातली सगळ्यात अवघड चर्चा इथेच झाली, शस्त्रक्रियेची नव्हे. मणक्याच्या टीबीचा उपचार किमान वर्षभराचा. अर्धवट सोडला तर औषधांना दाद न देणारा टीबी होण्याची भीती, आणि हे घरच्यांनी आजोबांच्या वेळी चांगलंच ऐकलेलं. आजोबांचा तर विश्वास होता की लघवी लालसर झाली म्हणजे औषध लागू पडतंय. रिफाम्पिसिनने ती प्रत्येकाचीच तशी होते, टीबी असो वा नसो, हे त्यांना समजावून सांगायला वेळ गेला.

वडील म्हणाले, "साहेब, तुमचं चुकलं तर? नाहीतर दोन्ही चालू ठेवू ना."

प्रश्न रास्त होता. दोन्ही चालू ठेवणं वरवर सुरक्षित वाटतं. पण यकृतावर ताण देणारी औषधं वर्षभर आजाराविना घेणं सुरक्षित नाही. शिवाय गोळ्या चालू असताना गाठ काढली असती, दुखणं थांबलं असतं, आणि श्रेय कोणाला द्यायचं हा गोंधळ वर्षभर चालला असता. जंतूंची तपासणीही अशा गोळ्यांवर असताना खोटी स्वच्छ येऊ शकते.

आम्ही एकट्याने निर्णय घेतला नाही. छातीरोगतज्ज्ञांना सगळी फाइल दाखवली. ताप नाही, वजन स्थिर, चकत्या स्वच्छ, छातीचा एक्स-रे चांगला, सीटीचं चित्र ठरलेलं. गोळ्या थांबवायच्या, गाठ काढताना ऊतींची टीबीसाठी तपासणी करायची, आणि तिच्यात काही निघालं तर पुन्हा सुरू करायच्या असं त्यांच्या सहमतीने ठरलं. कुटुंबाला हे लिहून दिलं. तोंडी सांगितलेलं गावात पोचेपर्यंत बदलतं.

तिसरा निर्णय: गाठीचा उपचार

काहीही न करणं हाही एक खरा पर्याय असतो. ही गाठ काही वर्षांत आपोआप थंड पडू शकते, आणि हातापायातल्या गाठीसाठी वेदनाशामकांवर वाट पाहणारे पेशंट असतात. पण पोटाची ही अवस्था, हिमोग्लोबिन ९.२, आणि कण्याला २२ अंशांचा बाक. बाकाबद्दल १९८६ च्या एका अभ्यासाने दाखवलेली मर्यादा आजही धरली जाते: दुखणं सुरू झाल्यापासून साधारण १५ महिन्यांच्या आत गाठ काढली तर बाक बहुधा सरळ होतो; उशीर झाला की तो हाडात कायम बसण्याचा धोका वाढतो. मुलीला ११ महिने झाले होते. वाट पाहणं बाद झालं.

मग उरले दोन. पहिला, सीटीच्या मदतीने सुई गाभ्यात घालून रेडिओलहरींच्या उष्णतेने तो जाळणं. १९९२ मध्ये अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट डॅनिएल रोझेंथाल यांनी ही पद्धत मांडली आणि हातापायातल्या गाठींसाठी ती आता पहिली पसंती आहे. सुईचं टोक सुमारे ९० अंश सेल्सियसला पाच-सहा मिनिटं ठेवतात. टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. कण्यातही ती करतात, पण नस जवळ असेल तर भोवती थंड द्रव किंवा वायू सोडून, तापमान मोजत. आमच्या पेशंटमध्ये गाभ्यापासून नसेच्या वाटेपर्यंत ४ मिलिमीटर अंतर होतं, आणि मधला हाडाचा पडदा पातळ.

दुसरा, शस्त्रक्रियेने गाभा कोरून काढणं. धोका असा की वरचा सांधा अर्ध्याहून जास्त गेला तर मणका डळमळतो आणि वाढत्या वयात स्क्रू बसवावे लागतात. सीटीवर मोजल्यावर सांध्याचा थोडाच भाग जाईल असं दिसत होतं.

आम्ही शस्त्रक्रियेकडे झुकलो. नसेचं अंतर हे एक कारण, दुसरं म्हणजे ऊती. सुईच्या उपचारातही तुकडा घेता येतो, पण तो इतका छोटा असतो की पॅथॉलॉजीचं उत्तर अनेकदा येतच नाही. टीबीच्या गोळ्या थांबवलेल्या मुलीत आम्हाला पक्का कागद हवा होता. हीच गाठ नसेपासून सेंटिमीटरभर दूर असती आणि टीबीचा प्रश्नच नसता, तर मी सुईचा पर्याय सुचवला असता.

महिनाभर मेफेनॅमिक बंद करून पोटाला संरक्षण देत नॅप्रॉक्सेन, जेवणानंतर, ठरल्या वेळी दिलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. रात्री त्या महिन्यातच बऱ्या झाल्या. मुलगी म्हणाली, "सर, मग ऑपरेशन कायले करता?" तिला कॅलेंडरवरची 'गो' दाखवली आणि तिच्या वयाला पुढे किती वर्षं अशी काढावी लागतील ते सांगितलं.

शस्त्रक्रिया

अशा गाठीत खरी फजिती होते ती गाठ न सापडण्याची. उघडल्यावर बाहेरून फक्त जाड, पांढरं हाड दिसतं. गाभा आत दडलेला. मणकाच चुकीचा धरल्याच्या, कवच काढून गाभा मागे ठेवल्याच्या घटना सर्जनांना ठाऊक आहेत. म्हणून सकाळी आधी सीटीच्या टेबलावर भूल देऊन एक बारीक तार गाभ्यावर नेऊन रोवली, आणि तिथून थेट शस्त्रक्रियागृह. तारेच्या वाटेने ड्रिलने हाड पातळ करत गेल्यावर तो दिसला: लालसर, भुसभुशीत, चमच्याने अलगद निघणारा. भिंती पुन्हा ड्रिलने घासल्या. सांध्याचा बहुतांश भाग राहिला, स्क्रू लागले नाहीत.

एक बारीकसारीक वाटणारी गोष्ट इथे मुद्दाम लिहितो. ऊती दोन बाटल्यांत गेल्या: एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरी सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी. सवयीने सगळं फॉर्मेलिनमध्ये पडलं की जंतू वाढवून बघता येत नाहीत आणि टीबीचा प्रश्न कायमचा अधांतरी राहतो. बाटल्या आधीच लेबल लावून टेबलावर ठेवलेल्या होत्या, आणि कोणती कशासाठी हे नर्सताईंना सुरुवातीलाच सांगून झालं होतं.

निकाल

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो तेव्हा मुलगी म्हणाली की टाके दुखतात, पण 'ते' दुखत नाही. या पेशंटकडून हे वाक्य बहुतेक याच शब्दांत ऐकू येतं. पॅथॉलॉजीत ऑस्टिऑइड ऑस्टिओमा निघाला. सीबीनॅट निगेटिव्ह, सहा आठवड्यांनी कल्चरही स्वच्छ आलं. तोवर वडिलांचा फोन दर आठवड्याला येत होता, आणि ते मला योग्यच वाटलं.

बाक तीन महिन्यांनी २२ वरून १३ अंशांवर आला, वर्षाने ६ वर. पट्टा लागला नाही. मधल्या काळात तिची दहावीची परीक्षाही झाली. हिमोग्लोबिन १२ च्या आसपास. दुखणं परत आलं नाही, म्हणून पुन्हा सीटी काढला नाही. गाभ्याचा कण मागे राहिला असेल तर दुखणं स्वतःच सांगतं, तेव्हाच चित्र काढायचं.

कागदी काम मात्र लांबलं. टीबीचा पेशंट खासगी डॉक्टरनेही सरकारला कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे, आणि तसं ते कळवलेलं होतं. त्यामुळे गावातल्या आशाताई गोळ्या चालू आहेत का विचारायला घरी येत राहिल्या आणि शेजारी कुजबुजायला लागले. पॅथॉलॉजी आणि कल्चरचे अहवाल जोडून आधीच्या डॉक्टरांमार्फत निदान बदलल्याचं कळवावं लागलं. औषधं थांबवताना हे पत्रही त्याच दिवशी निघायला हवं होतं. त्यासाठी कल्चरची वाट पाहण्याची गरज नव्हती, 'तपास चालू' एवढं तरी कळवता आलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी जानेवारीत होती, बाक पहिल्यांदा दिसला तेव्हा. वाढीच्या वयातला बाक दुखत असेल आणि पाठ ताठ असेल, तर त्याला पट्टा देण्याआधी कारण शोधावं. त्या वेळी दोनच प्रश्न पुरले असते: रात्री झोपेतून उठवतं का, आणि साध्या गोळीने पूर्ण थांबतं का. पहिल्या एक्स-रेला मी दोष देत नाही. आतड्यातला वायू आणि एकावर एक आलेली हाडं यांच्यामागे सेंटिमीटरभराचा गाभा भल्याभल्यांना दिसत नाही. पण 'नॉर्मल' एक्स-रेनंतर सहा महिने दुखणं चालूच राहिलं, तर त्या एक्स-रेची मुदत संपलेली असते.

एमआरआयमध्ये मणक्याच्या फक्त मागच्या भागात सूज आणि चकत्या स्वच्छ असं दिसलं, की टीबीच्या गोळ्यांआधी तेवढ्या मणक्यांचा पातळ सीटी करावा, असं आम्ही आता एमआरआय केंद्रांना आणि तालुक्याच्या सहकाऱ्यांना सांगतो. खर्च एमआरआयपेक्षा कमी, वेळ काही मिनिटं. टीबीच असेल तरी तो सीटी वाया जात नाही. बायोप्सीची सुई कुठे घालायची ते तरी कळतं.

नॅप्रॉक्सेनच्या महिन्याबद्दल आमच्यातच मतभेद आहेत. भूलतज्ज्ञांचं म्हणणं, ९.२ हिमोग्लोबिनवर घाई केली नाही ते बरंच झालं. माझं म्हणणं, मुलीच्या रात्री सुधारल्यामुळे घरच्यांचा शस्त्रक्रियेचा निश्चय त्या महिन्यात डगमगला आणि वडिलांनी तारीख एकदा पुढे ढकलली. बाकाच्या घड्याळात चार महिने शिल्लक होते म्हणून ते परवडलं. १४ महिने झालेल्या मुलात मी दोन आठवड्यांहून जास्त थांबणार नाही.